‘अमेरिकेत बंदूक भाजीसारखी मिळते’? खुलासा

प्रत्येक गोळीबारानंतर हे वाक्य फिरतं. ते अर्धवट आहे.

परवानाधारक दुकानात ओळखपत्र दाखवून ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो: गंभीर गुन्हा, अमली पदार्थ, घरगुती हिंसाचार वगैरे प्रश्न. मग दुकानदार एफबीआयच्या पार्श्वभूमी तपासणी यंत्रणेकडे (१९९८पासून सुरू) विचारणा करतो. उत्तर बहुधा काही मिनिटांत येतं: द्या, देऊ नका किंवा थांबा.

खरी गोम ‘थांबा’मध्ये आहे. कामकाजाचे तीन दिवस उलटूनही निर्णय आला नाही, तर केंद्रीय कायद्यानुसार दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५मध्ये साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल असंच मिळालं. त्याच्या अटकेची नोंद भलत्याच पोलीस खात्याच्या नावावर होती, एफबीआयची तपासनीस योग्य खात्यापर्यंत पोहोचलीच नाही. २०२२च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांसाठी ही मुदत कामकाजाच्या दहा दिवसांपर्यंत वाढवता येते, एवढंच.

शिवाय बिनपरवाना खासगी विक्रेत्याला केंद्रीय कायद्याने तपासणी बंधनकारक नाही. काही राज्यांनी ती स्वतःहून बंधनकारक केली.

आणि २०२२मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत एकवीस जणांना मारणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाने रायफली दुकानातून रीतसर घेतल्या होत्या. लोकांचा संताप आहे तो इथे.