अमेरिकेचं ॲलर्जीचं पेन : विचारण्याआधी एवढं वाचा

सुट्टीत अमेरिकेतली मुलं-नातवंडं गावी आली की आमच्या काउंटरवर हमखास एक प्रश्न येतो : "भाऊ, ते ॲलर्जीचं पेन तुमच्याकडे स्वस्तात मिळेल का?" दर वेळी तेच सांगण्यापेक्षा हा कागद छापला.

हे पेन म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीत मांडीत टोचायचं तयार इंजेक्शन. ते आमच्याकडे नाही, आमच्या होलसेलरकडेही नाही. त्यातलं औषध मात्र आहे, ॲड्रेनलिन. तिकडे त्यालाच एपिनेफ्रिन म्हणतात. १ मिलीच्या काचेच्या अँप्युलमध्ये १ मिलिग्रॅम येतं आणि किंमत अगदी किरकोळ. औषध शंभर वर्षांहून जुनं, त्यावर आता कुणाची मक्तेदारी नाही. तिकडचा पैसा जातो तो सुई आपोआप टोचणाऱ्या यंत्राला.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध पेन म्हणजे एपिपेन. २००७ साली मायलन कंपनीकडे ते आलं, तेव्हा दोन पेनांचं पाकीट शंभर डॉलरच्या आसपास होतं. २०१६ पर्यंत ते सहाशेवर गेलं. जेनेरिकवाले, म्हणजे तेच औषध स्वस्तात काढणाऱ्या दुसऱ्या कंपन्या, कुठे होते, असं लोक विचारतात. त्यातल्या टेवा कंपनीचा पेटंटवरून चाललेला कोर्टातला तंटा २०१२ ला मिटला, २०१५ पासून विकायची मुभाही ठरली, पण सरकारी मंजुरी मिळाली ऑगस्ट २०१८ मध्ये. गोळी असती तर रक्तात औषध सारखं उतरतं एवढं दाखवून भागलं असतं. इथे घाबरलेल्या माणसाच्या हातात पेन तसंच चालतं का, हेही बघावं लागतं.

ओरड झाल्यावर मायलनने डिसेंबर २०१६ मध्ये स्वतःचंच पेन जेनेरिक नावाने तीनशे डॉलरला काढलं. आतला माल तोच, नाव वेगळं, किंमत निम्मी. "जेनेरिक म्हणजे हलकं" म्हणणाऱ्या मंडळींनी हे जरा लक्षात ठेवावं. आमच्या जेनेरिकच्या कपाटाकडेही मग वेगळ्या नजरेने बघाल. (चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर आम्ही परस्पर दुसरं देत नाही. नियमच तसा आहे. डॉक्टरांना विचारून या, दोन मिनिटांत काढून देतो.)

आता ज्या चुकीमुळे आमचा जीव टांगणीला लागतो, ती. गेल्या उन्हाळ्यात एक काका नातवाचं पेन घेऊन आले आणि "असंच दाबायचं ना?" म्हणत नारिंगी टोकावर अंगठा ठेवला, बॉलपेन उघडतात तसा. निळी टोपी अजून जागेवर होती म्हणून निभावलं. सुई त्या नारिंगी टोकातूनच येते! नावात पेन आहे म्हणून अंगठा तिकडे जातो. एपिपेन मुठीत धरायचं, निळी टोपी ओढून काढायची, नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूवर दाबायचं आणि तीन सेकंद तसंच धरायचं. पँटवरूनही चालतं.

पण सगळी पेनं एकसारखी नाहीत. टेवाच्या पेनचं पिवळं किंवा हिरवं टोपण आधी फिरवून काढावं लागतं. ॲड्रेनाक्लिक जातीच्या पेनला दोन्ही टोकांची टोपणं काढावी लागतात, धरायचं दहा सेकंद, आणि सुई नंतरही बाहेरच राहते. मुलाने या वर्षी स्वस्तातलं दुसरं पेन घेतलं असेल तर घरातल्या सगळ्यांनी नव्याने शिकायला हवं. जुन्या सवयीने त्या घाईत वेळ जातो.

दुकानात पेन घेऊन या, नुसता फोटो पाठवू नका. पाठवायचाच तर मागची बाजूही दिसू द्या : कंपनी, ०.१५ की ०.३ मिलिग्रॅम, मुदत. "निळं-नारिंगी आहे" एवढ्यावरून आम्हाला काही सांगता येत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पेन तीस अंशांवर तापू द्यायचं नाही, म्हणजे गाडीच्या डिकीत नको, पत्र्याच्या खोलीतही नको. आणि फ्रिजमध्ये, विरजणाच्या भांड्याशेजारीही नको. पेनवरच्या छोट्या खिडकीतून पाहा; औषध लालसर-तपकिरी झालं असेल तर ते बाद.

अँप्युल चिठ्ठीशिवाय देत नाही, यावर काहींची नाराजी आहे. केळीच्या बागेत आग्यामोहोळ उठल्यावर अँप्युल फोडून, मोजून भरणं घरच्यांचं काम नाही. पूर्ण अँप्युल म्हणजे ०.३ च्या पेनमधल्या डोसाच्या तिपटीहून जास्त. जीव घाबरा झाला, ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला तर १०८ ला फोन आणि थेट दवाखाना. पेन टोचलं असलं तरीही.

बाहेरून पेन मागवायचं असेल तर स्वतःच्या वापरासाठी औषध आयातीचा परवाना निघतो. फॉर्म १२-अ भरायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही. घरात पेन असेल तर त्याची मुदत आमच्या वहीत लिहून ठेवा, संपायच्या महिनाभर आधी फोन येईल. दुपारी दोन ते चार सोडून कधीही या.