बारावीनंतर कम्प्युटर: बीटेक, बीसीए की बीएस्सी?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घेताना एक वाक्य हमखास कानावर पडतं, "बघू, निकाल लागला की ठरवू." गाडी चुकते ती इथेच. निकाल येतो मेच्या सुमारास आणि प्रवेश परीक्षांचे अर्ज त्याच्या कितीतरी आधी बंद झालेले असतात. म्हणून तीन अभ्यासक्रमांची तुलना बारावीच्या दिवाळीतच करून टाका.

बीटेकसाठी बारावी सायन्सला फिजिक्स आणि मॅथ्स हवेतच, तिसरा विषय बहुतेकांचा केमिस्ट्री असतो. तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, राज्यातल्या राखीव वर्गाला ४० टक्के. बारावीच्या गुणांचं काम इथे संपतं. पुढची गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर लागते. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाचा पेपर २०० गुणांचा आणि त्यातले १०० एकट्या मॅथ्सचे, त्यामुळे मॅथ्स कच्चं असेल तर हिशेब आधीच करा. पुण्यातली पीआयसीटी, व्हीआयटी आणि २०२२ मध्ये विद्यापीठ झालेलं सीओईपीसुद्धा याच यादीवरून, कॅप म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून मिळतं.

बीसीएला कोणतीही शाखा चालते, कॉमर्सचीही. २०२४ पासून मात्र बीसीए-बीबीएलाही राज्याची वेगळी सीईटी आली. त्यानंतर काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं, तेव्हा पाटीवरचं नाव न बघता प्रवेश कशावर होतो ते विचारा. बीएस्सी कम्प्युटर सायन्सला राज्याची सीईटी नाही. कॉलेजची स्वतःची यादी लागते, काही स्वायत्त कॉलेजं आपली परीक्षा घेतात. बीसीए आणि बीएस्सी तीन वर्षांत पदवी देतात, चौथं वर्ष ऑनर्सचं. खासगी आणि अभिमत विद्यापीठांच्या परीक्षा वेगळ्या, फीही वेगळी.

आता कागद. माणसं दमतात ती इथे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि एलसी, म्हणजे शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, सगळ्यांकडे असतात, पण एलसी नीट वाचतं कोण? कॅपसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असेल आणि जन्मही महाराष्ट्रातला असेल, तर एलसीवरचं जन्मस्थळ कामी येतं. जन्म बाहेरचा असेल तर डोमिसाईल, म्हणजे राज्याच्या अधिवासाचा दाखला, काढावं लागतं. एलसीवर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'भारतीय' आहे ना, तेही बघा.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला, तो समितीने पडताळल्याचं जात वैधता प्रमाणपत्र आणि (एससी-एसटी सोडून) नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. जातीचा दाखला पूर्वज जिथले रहिवासी, तिथल्या प्रांत कार्यालयातून मिळतो. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा, म्हणजे आजोबांची शाळेची नोंद, जुना सातबारा असं काहीतरी. घर धनकवडीत असलं तरी दाखल्यासाठी लातूरला खेटे घालणारी कुटुंबं काही कमी नाहीत. वैधतेचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकलेला बरा, समितीचं काम आपल्या घाईने चालत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचं नॉन-क्रिमीलेअर अगदी व्यवस्थित होतं, लॅमिनेशनसकट. फक्त त्याची मुदत त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपलेली. कॅपला पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं. जूनच्या गर्दीत सेतू या सरकारी दाखले केंद्रासमोर उभं राहून त्याच्या वडिलांनी नवं काढलं, म्हणून निभावलं. नाहीतर पोरगा खुल्या वर्गात गेला असता.

मुलींच्या पालकांसाठी एक मोठी गोष्ट. २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. अट दोन बाबींची: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आणि प्रवेश शासनाच्या प्रक्रियेतून. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा खासगी अभिमत विद्यापीठात गेलात तर ही सवलत नाही. फीची तुलना करताना ही सवलत आधी धरा, बरीच गणितं उलटतात.

शेवटी कॅपच्या अर्जातला कॉलेजांचा पसंतीक्रम. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर ते घ्यावंच लागतं, थांबून पुढच्या फेरीत दुसरं मागता येत नाही. त्यामुळे शेजारच्यांनी सुचवलं म्हणून एक नंबरला काही टाकू नका. घरापासून पीएमपी बसने तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे एकदा सकाळच्या वेळी जाऊन बघितलेलं असावं.