ब्लूबर्ड : तीन जातींची ओळख

ब्लूबर्ड हे उत्तर व मध्य अमेरिकेतील निळे, कीटकभक्षी पक्षी. कस्तूर कुलातील सायालिया या प्रजातीत त्यांच्या तीनच जाती आहेत : ईस्टर्न, वेस्टर्न आणि माउंटन. तिन्ही चिमणीहून मोठे, १६ ते २१ सेंमी. लांब आणि सुमारे ३० ग्रॅम वजनाचे असतात. गोव्याच्या जंगलांत दिसणारा फेअरी ब्लूबर्ड नावापुरताच ब्लूबर्ड. त्याचे कुल वेगळे.

ओळखताना बहुतेकांचा पहिला घोटाळा निळ्या रंगावर भिस्त ठेवल्याने होतो. या पिसांत निळे रंगद्रव्य नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरल्यामुळे ती निळी दिसतात. ढगाळ हवेत किंवा पक्ष्यामागे ऊन असताना तोच पक्षी राखाडी, जवळजवळ काळपट वाटतो. म्हणून ‘गडद निळा की फिका’ हे नंतर. आधी गळा आणि पोट पाहावे.

ईस्टर्न नराचा गळा, छाती व कुशी तांबूस-नारिंगी असून पोट स्वच्छ पांढरे असते. वेस्टर्न नराचा गळा निळा, छाती तांबूस आणि पोट निळसर राखाडी. त्याच्या खांद्यांवर व पाठीवर तांबूस डाग असतो खरा, पण काही नरांत तो अगदी पुसट असतो, तर काहींत नसतोच. डाग नाही म्हणून ईस्टर्न ठरवू नये. माउंटन नरात तांबूस रंग नाही. वरून आभाळी निळा, खाली फिका होत गेलेला. सह्याद्रीत टिकेलचा निळा माशीमार (गळा नारिंगी) आणि निळ्या गळ्याचा माशीमार वेगळे करणाऱ्यांना ईस्टर्न-वेस्टर्नचा फरक चटकन कळतो, कारण प्रश्न तोच आहे.

खरी कसोटी माद्यांची. ईस्टर्न मादीच्या छातीचा तांबूस रंग मानेच्या बाजूने कानामागे वर चढतो आणि पोट पांढरे असते. वेस्टर्न मादीचा गळा व पोट राखाडी. माउंटन मादी एकूण राखाडी-तपकिरी, पंख व शेपटी फिकट निळी. मात्र शरद ऋतूत नवी पिसे आल्यावर हिच्याही छातीवर तांबूस झाक येते आणि ती ईस्टर्न म्हणून नोंदली जाते. अशा वेळी कुशी पाहावी : माउंटनची राखाडी, ईस्टर्नची तांबूस. शिवाय माउंटनची चोच बारीक आणि पंख लांब असतात. बसलेल्या पक्ष्याच्या पंखांची टोके शेपटीच्या टोकाजवळ पोचतात.

वागणुकीचा एक धागा फार उपयोगी आहे. तिन्ही जाती तारेवरून किंवा फांदीवरून खाली झेप घेऊन कीटक टिपतात, पण कवड्या खंड्यासारखे हवेत एका जागी फडफडत राहण्याची सवय माउंटनला सर्वांत जास्त.

प्रदेशावरून अंदाज बांधता येतो, निर्णय नाही. न्यू जर्सीतला ब्लूबर्ड जवळपास नेहमी ईस्टर्न, कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीतला बहुधा वेस्टर्न. आग्नेय ॲरिझोनात मात्र ईस्टर्नची फिकट स्थानिक उपजाती राहते आणि वेस्टर्नही आढळतो. हिवाळ्यात ज्युनिपर या सदाहरित झाडाच्या फळांसाठी वेस्टर्न व माउंटन एकत्र थव्याने उतरतात. तेथे एक पक्षी ओळखून सगळा थवा त्याच नावावर टाकणे हमखास चुकते. ईस्टर्न आणि माउंटनचे प्रदेश जेथे मिळतात तेथे संकरही झालेले आहेत.

अंड्यांवरून जात ठरत नाही, कारण तिन्हींची अंडी सहसा फिकट निळीच. पिल्लांची छाती ठिपकेदार व निळा रंग फक्त पंख-शेपटीत असल्याने जवळच्या आईबापांवरून ओळख पटवणे बरे. एकटेच पिल्लू दुरून दिसले, तर नोंदीत ‘ब्लूबर्ड, जात अनिश्चित’ लिहावे.

इतर निळ्या पक्ष्यांपैकी लाझुली भारीट वेस्टर्न नरासारखा वाटतो. पण त्याची चोच जाड, शंकूसारखी आणि पंखांवर पांढरे पट्टे असतात. ब्लूबर्डच्या पंखांवर असे पट्टे नसतात.