चेहऱ्याचा रंग वयानुसार का बदलतो? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे उटणे घेण्यासाठी येणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या ग्राहकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा अजून पूर्वीसारखीच आहे, मग चेहराच का काळवंडला? उत्तर बरेचसे या प्रश्नातच आहे, कारण दंडाच्या आतल्या बाजूला ऊन लागत नाही.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरातील रंगपेशी तयार करतात. तिशीनंतर या पेशींची संख्या दर दहा वर्षांना साधारण १० ते २० टक्क्यांनी घटते. मग रंग उजळायला हवा, असे कोणालाही वाटेल. परंतु वर्षानुवर्षे ऊन झेललेल्या चेहऱ्यावर उरलेल्या पेशींपैकी काही आकाराने मोठ्या होऊन जास्त रंग तयार करतात आणि शेजारच्या भागात तो कमी पडतो, त्यामुळे चेहरा एकसारखा न राहता डागाळलेला दिसतो. शिवाय तरुणपणी सुमारे २८ दिवसांत नवी होणारी बाह्यत्वचा उतारवयात दीड-दोन महिने घेते, म्हणून तेजही उतरते.

गाल, कपाळ आणि वरच्या ओठावर उमटणारे वांग मात्र केवळ वयामुळे येत नाहीत. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराण्यातील कल यांचाही त्यात वाटा असतो, आणि ऊन ते गडद करते.

कोल्हापुरात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, हे सर्वांना जाणवते. पण पावसाळी ढगांतून आणि एसटीच्या खिडकीच्या काचेतूनही त्वचा रापवणारे किरण येतात, हे सहसा लक्षात येत नाही. दुचाकीवर बांधला जाणारा स्कार्फ आणि शेतात डोक्यावरून पुढे ओढलेला पदर हे म्हणूनच उत्तम उपाय आहेत. त्यांच्या जोडीला किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे आणि उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. वांग असल्यास त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन घ्यावे, कारण त्यातील लोहाचे ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवते.

आमचे उटणे वरचा मळ, तेल आणि मृत पेशी काढते. रंगपेशींच्या थरापर्यंत ते पोहोचत नाही, म्हणूनच आम्ही पाकिटावर ‘गोरेपणा’ हा शब्द छापत नाही. डाग जावा म्हणून ते खसाखसा घासू नये, कारण सावळ्या त्वचेला चोळल्याने झालेला दाह स्वतःच नवा काळा डाग ठेवून जातो. स्टेरॉइड असलेली क्रीमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मुळीच वापरू नयेत. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो, पण त्वचा पातळ होते आणि क्रीम बंद करताच डाग परततात.

एखादा तीळ झपाट्याने वाढत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मान मखमलीसारखी जाड आणि काळी झाली असेल, तर ती उटण्याने घासण्याआधी रक्तातील साखर तपासून घ्यावी. तो बहुधा मळ नसतो.