महेश्वरला जाणारे दोन घाट: जामचा आणि मानपूरचा

कोजागिरीनंतरच्या रविवारी माझा पुण्याचा मावसभाऊ इंदूरहून माझी मोटरसायकल घेऊन नर्मदेकाठच्या महेश्वरला जाऊन आला. रात्री पानावर बसल्यावर म्हणाला, "ताई, तुझ्या जाम घाटाचं एवढं ऐकलं होतं, पण ट्रकांशिवाय काही दिसलंच नाही गं."

मी विचारलं, "दरवाजा पाहिलास ना?"

"कुठला दरवाजा?"

तो जाम घाटात गेलाच नव्हता. इंदूरजवळच्या महूवरून पुढे गेला, घाट लागला, घाट उतरून महेश्वर आलं, म्हणून तोच जाम घाट असं त्याने धरलं. गेला होता मानपूरवरून, आग्रा-मुंबई रस्त्याने. ही गफलत त्याच्या एकट्याची नाही. इंदूरच्या 'सानंद' या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात माझ्या हातातलं हेल्मेट पाहून कुणी ना कुणी विचारतंच, "महेश्वरला घाटातून जायचं म्हणे, रस्ता कसा आहे?" मला उलट विचारावं लागतं, कुठल्या घाटातून?

घोटाळा होण्यासारखं आहेच. दोन्ही रस्ते महूच्या अंगाने निघतात, दोन्ही विंध्य उतरून नर्मदेकडे जातात, दोन्हीकडून इंदूरपासूनचं अंतर नव्वद किलोमीटरच्या घरात भरतं. फोनवर पाहिलं तर वेळेतही फारसा फरक नसतो. पण शरदात, आश्विन-कार्तिकात, मोटरसायकलवर सावकाश हिंडायला निघालेल्या माणसासाठी हे दोन रस्ते अगदी वेगळ्या जातीचे आहेत. एक तुम्हाला महेश्वरला पोचवतो. दुसरा माळव्याच्या पठारावरून नर्मदेकाठच्या सखल निमाडात उतरवतो, आणि महेश्वर त्याच्या शेवटी येतं.

दोघांमध्ये सारखं काय आहे ते आधी सांगते, कारण त्यावाचून घाट म्हणजे काय ते कळत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि महेश्वर दीडशेच्या आसपास. म्हणजे कुठूनही गेलात तरी चारशे मीटर खाली यायचंच. मानपूरजवळच्या जानापावच्या डोंगरावर चंबळ उगम पावते आणि उत्तरेकडे यमुनेला जाऊन मिळते. त्याच रांगेच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस नर्मदेत जातो. एक सर बंगालच्या उपसागराला, शेजारची सर अरबी समुद्राला. घाटाच्या कड्यावर गाडी उभी केली की आपण या पाणलोटाच्या कण्यावर उभे असतो. दगडही आपल्या ओळखीचा आहे. तोच काळा बेसाल्ट, ज्याचा सह्याद्री झाला. पुण्या-साताऱ्याहून आलेल्या माणसाला जामच्या कड्यावर घरच्यासारखं वाटतं ते उगाच नाही.

आणखी एक सारखेपणा, शरदात फार जाणवणारा. चारशे मीटर उतरलं की हवा अडीच अंशांनी तरी गरम होते, आणि निमाड मुळातच माळव्यापेक्षा उष्ण. पहाटे इंदूरबाहेरच्या राऊपाशी जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढलेली असते. घाट उतरल्यावर तीच चेन उघडावी लागते. दुपारी नर्मदेच्या घाटाच्या पायऱ्या पायाला चटके देतात. ऑक्टोबरचं ऊन म्हणतात ते निमाडात खरं भेटतं. म्हणून एकावर एक काढता येतील असे कपडे घालावेत. एकच जाड जॅकेट दोन्ही मुलखांत चालत नाही.

आता मानपूरची वाट. हा राष्ट्रीय महामार्ग ५२, जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'एबी रोड', म्हणजे आग्रा-बॉम्बे रोड. राऊ सुटलं की महू बाजूला राहतं, मग मानपूर, मग गणेश घाट, मग धामनोद, आणि तिथून बारा-तेरा किलोमीटर डावीकडे आत महेश्वर. जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी, मध्ये दुभाजक. दुचाकीला टोल नाही. पोचायचं असेल, बरोबर वडीलधारं कुणी पाठीमागे बसलं असेल किंवा उशीर झाला असेल, तर हीच वाट धरावी.

पण गणेश घाटाबद्दल गंभीरपणे बोललं पाहिजे. उतार लांब आहे, आणि दक्षिणेकडे माल घेऊन जाणारे ट्रक त्याच उतारावर असतात. चालकाने गिअर मोकळा सोडून नुसत्या ब्रेकवर गाडी धरली की ब्रेकचे ड्रम तापत जातात आणि एका टप्प्यावर पकडच सोडतात. मग चाळीस टन वजन उतारावर सुटतं. या घाटात अशाने कितीतरी जीव गेले, म्हणूनच अलीकडे उतार सौम्य करणारा नवा रस्ता काढावा लागला. जळक्या लायनिंगचा करपट वास आला की समजायचं, जवळपास कुणाचे तरी ब्रेक तापलेत. तेव्हा त्या ट्रकच्या मागे राहू नये. पुढे तर मुळीच राहू नये. जागा पाहून नीट ओलांडून बरंच पुढे निघून जावं, किंवा बाजूला थांबून त्याला जाऊ द्यावं.

दोन घाटांमधला खरा फरक मला इथे दिसतो. मानपूरला धोका मागून येतो, जामला समोरून. मानपूरच्या उतारावर माझी नजर दर काही सेकंदांनी आरशात जाते. जामच्या उतारावर आरसा जवळपास विसरला तरी चालतं, पण पुढच्या वळणाआड काय असेल हे मनात धरूनच वळावं लागतं. भावाने गाडी चांगली चालवली होती, पण जामचा घाट समजून चालवली होती. नजर पुढे, वळणांवर. पाठीमागून काय येतंय याकडे लक्षच नव्हतं. नाव चुकलं तर नुसतं पाहायचं राहून जातं असं नाही, म्हणून मी हे एवढं लांबवून लिहिते आहे.

या वाटेवर एक जागा मात्र मी कधी चुकवत नाही. मानपूरच्या अलीकडून जानापावला फाटा जातो. वर परशुरामांचं जन्मस्थान मानलेलं ठिकाण आहे, कुंड आहे, आणि उंची साडेआठशे मीटरच्या आसपास. कार्तिकात सकाळी सात-साडेसातला वर पोचलं तर खाली धुक्याचा थर पसरलेला असतो आणि डोंगरांची फक्त डोकी वर दिसतात. तेवढ्यासाठी महामार्गाचा कंटाळा सोसायला मी तयार असते.

आणि जामची वाट. महू गावात शिरायचं, बाजारात पोहे-जिलेबी खायची, टाकी भरायची, घरी फोन करून घ्यायचा. पुढे बडगोंदा, आणि मग माळव्याची ती लाटांसारखी वरखाली होणारी जमीन. भाद्रपद संपता संपता सोयाबीन पिवळं पडतं आणि दसऱ्याच्या मागेपुढे कापणी जोरात असते. शेतात थ्रेशर चालू, हवेत भुसा, रस्त्यावर ट्रॉल्या. पितृपक्षात गेलात तर खेड्यातल्या भिंतींवर शेणाच्या आकृत्या आणि त्यात खोचलेली फुलं दिसतील. ती संजा. आपल्या भुलाबाईची, हादग्याची ही माळव्यातली बहीण. संध्याकाळी मुली गाणी म्हणतात. माझी आई इंदूरच्या वाड्यात भोंडला घालायची आणि शेजारच्या माळवी मुलींची संजाही गायची. त्यामुळे अशी भिंत दिसली की माझी गाडी आपोआप थांबते.

इंदूरपासून पन्नास किलोमीटरच्या आसपास, पठार एकदम संपतं. आणि जिथे संपतं, तिथेच दरवाजा उभा आहे. दगडी, भक्कम, दोन मजली. आजूबाजूला कोट नाही, गाव नाही. नुसता दरवाजा आणि त्याच्यापलीकडे खोल निमाड. अहिल्याबाईंनी तो १७९१ मध्ये बांधवला. १७६७ मध्ये कारभार हाती आल्यावर त्यांनी महेश्वर राजधानी केली, म्हणजे माळव्यातला मुलूख वर आणि राजधानी खाली नर्मदेकाठी. मधल्या या चढावर चौकी हवीच होती. घोडे, बैल, पालख्या, सरकारी डाक, सगळं इथून जात असणार. १७९५ मध्ये अहिल्याबाई गेल्या. पुढे होळकर इंग्रजांशी महिदपूरची लढाई हरल्यावर १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, राजधानी इंदूरला आली, आणि त्याच तहाने महूला इंग्रजांची छावणी बसली. राजधानी वर गेल्यावर या वाटेची घाई संपली. मोठी वाहतूक मानपूरने जाऊ लागली आणि जाम मागे राहिला. आज आपल्याला तिथे सावकाश गाडी चालवता येते, त्याला ही सगळी हकिकत कारण आहे.

जिन्याने वर गेलं की कमानींमधून खाली पाहता येतं. आश्विनात दरी हिरवी असते, कार्तिकात गवत सोनेरी होतं, सागाची मोठी पानं कडेने तांबूस व्हायला लागतात. मला दुसरं रूप जास्त आवडतं. श्रावण-भाद्रपदात रविवारी इथे इंदूर लोटतं, गाड्या वेड्यावाकड्या लागतात, दगडांवर शेवाळ असतं, ढगात हात दिसत नाही. दसऱ्यानंतर गर्दी ओसरते, आकाश धुतल्यासारखं होतं. दसरा ते कार्तिकी पौर्णिमा हा महिना जामचा, असं माझं ठाम मत आहे. त्यातही मधला वार निवडावा.

दरवाज्यापासून खरा घाट सुरू होतो. रस्ता अरुंद, वळणं घट्ट. इथे ज्या गिअरमध्ये हा चढ चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक गार राहतात आणि गरज पडेल तेव्हा हाताशी असतात. ब्रेक वळणाआधी लावून मोकळा करायचा, वळणात पुढचा ब्रेक दाबायचा नाही. पावसाने वाहून आणलेली बारीक खडी शरदभर वळणांच्या कडेला पडून असते, त्यावर चाक सरकतं. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा आणि आपली डावी बाजू सोडायची नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा घाटाचा नियम कायद्यातही आहे. गुरं असतात, माकडं असतात, फोटोसाठी मधोमध उभी केलेली चारचाकी असते. ताशी तीसच्या वर जायचं कारणच नाही.

खाली उतरलं की मुलूख बदलतो, नकाशा न बघताही कळतं. सोयाबीनच्या जागी कापूस येतो. घरांचा घाट बदलतो, बोली बदलते, माळवीची निमाडी होते. भाकरी ज्वारीची आणि तिच्याबरोबर अंबाडीची भाजी, म्हणजे खानदेशातल्या माणसाला आजोळी आल्यासारखं. पुढे मंडलेश्वर. महेश्वरला जायच्या घाईत लोक ते ओलांडून जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. इथेही नर्मदेचा घाट आहे, इथेही देवळं आहेत, मंडनमिश्र आणि शंकराचार्यांचा वाद इथेच झाला असं गाव सांगतं. आणि इथे शांतता आहे. पायरीवर बसून चहा घ्यावा, गाडीचं इंजिन गार होऊ द्यावं, मग नदीच्या कडेकडेने आठेक किलोमीटरवरचं महेश्वर. मानपूरने येणाऱ्याला महेश्वर पश्चिमेकडून, महामार्गाच्या फाट्यावरून भेटतं. जामने येणाऱ्याला ते नदीबरोबर चालत आल्यासारखं भेटतं.

महेश्वरबद्दल इथे लिहीत नाही. किल्ला, राजवाडा, हातमागांची खटखट, सहस्रधारा, त्याला वेगळा दिवस हवा.

परतीचं मात्र सांगायला हवं. शरदातला दिवस फसवतो. कोजागिरीला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, कार्तिकी पौर्णिमेला पावणेसहालाच. जामने परतायचं तर महेश्वरहून साडेतीनला निघावं, म्हणजे उजेडात दरवाज्यापाशी येता. अंधारात तो घाट मी चढत नाही. घाटात दिवे नाहीत, आणि वरच्या पठारावर सोयाबीन भरलेल्या ट्रॉल्या मागच्या लाल दिव्याशिवाय चाललेल्या असतात. हेडलाइटच्या झोतात त्या दिसतात तेव्हा फार जवळ आलेल्या असतात. उशीर झालाच तर मी बिनतक्रार धामनोद-मानपूर धरते. दुभाजकामुळे समोरचे दिवे डोळ्यांवर येत नाहीत, आणि चढावर ट्रक सुटण्याची भीती आपल्या बाजूला नसते. ते रांगत असतात, ओलांडायला जागा असते. एकदा महूच्या पठारावर आलं की गार वारा लागतो. शब-ए-माळवा म्हणतात, माळव्याची रात्र. ती हेल्मेटची काच वर करून अनुभवायची, पण गाडी बाजूला थांबवून, कारण भुसा आणि किडे डोळ्यांत जातात.

थोडक्यात माझी शरदातली नेहमीची फेरी जाण्याला जाम, येण्याला मानपूर अशी गोल आहे. ओंकारेश्वरला जाणारा सिमरोल-चोरल-बडवाहचा तिसरा घाटही आहे, पण तो खंडव्याचा रस्ता, त्याचा या दोघांशी गोंधळ होत नाही.

दिवाळीनंतर मावसभाऊ परत आला, या वेळी दोन दिवस राखून. निघताना मी त्याला एकच गोष्ट बजावली. महूत कुणालाही 'महेश्वरचा रस्ता कुठला' असं विचारू नकोस, लोक तुला सरळ मोठ्या रस्त्याला लावतील. 'मंडलेश्वरचा रस्ता' विचार. अकराच्या सुमारास त्याचा फोटो आला. खाली शब्द नव्हते, फक्त कमान होती आणि कमानीत निमाड.