एपीआयचं डॉक्युमेंटेशन वेगळं, एजंटसाठीचं टूल डिस्क्रिप्शन वेगळं

राउटरवर लक्ष ठेवायला एआय एजंट लावायचा आणि एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायची सोय) डॉक्युमेंटेशनमधली ओळ उचलून टूलच्या, म्हणजे एजंटला वापरायला दिलेल्या फंक्शनच्या, डिस्क्रिप्शनमध्ये चिकटवायची, हा प्रकार आता सर्रास चाललाय. आणि मग एजंट येड्यासारखं करतो म्हणून त्याच्या आतल्या एआय मॉडेलला शिव्या.

डॉक्युमेंटेशन तुम्हाला माहितीये, पॅरामीटर काय, परत काय येतं, एरर कोड कुठले, त्यावर वेळ घालवत नाही. मराठीत लिहायचं की इंग्रजीत, दोन ओळी की सहा, हेही किरकोळ.

खरी गोची इथे आहे. डॉक्युमेंटेशन उघडणाऱ्याला काय करायचंय ते ठरलेलं असतं, त्याला फक्त कसं ते हवं असतं. मॉडेलचं अजून ठरायचंय. त्याच्यासमोर दहा-पंधरा टूल, आतला कोड दिसत नाही, नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटर एवढ्यावरच निवडायचं. म्हणजे हे टूल कधी वापरायचं, कधी सोडून शेजारचं घ्यायचं आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय, हे सगळं तिथेच लिहायला लागतं.

आता ‘इंटरफेसचं स्टेटस देतं’ (इंटरफेस म्हणजे राउटरचा पोर्ट) एवढंच लिहिलंत. कुठलं स्टेटस? एसएनएमपीत, म्हणजे राउटरकडून अशी माहिती विचारायच्या प्रोटोकॉलमध्ये, दोन असतात. ॲडमिन स्टेटस म्हणजे आपण पोर्टला काय सांगून ठेवलंय, ऑपर स्टेटस म्हणजे प्रत्यक्षात काय चाललंय. ॲडमिनच डाउन असेल तर पोर्ट सेटिंगमध्येच बंद ठेवलाय. ॲडमिन अप आणि ऑपर डाउन असेल तर संगमेश्वराकडे रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली असेल, पलीकडची लाईट गेली असेल, काहीही. मॉडेलच्या हातात नुसता ‘डाउन’ पडला की ते बिनधास्त ‘पोर्ट चालू करा’ सांगून मोकळं, आणि पोर्ट तर चालूच आहे! आरएफसी २८६३ या मानकात ऑपरच्या ७ अवस्था आहेत, त्यातली ‘लोअर लेयर डाउन’ आली तर दुखणं हा इंटरफेस ज्यावर उभा आहे त्या खालच्या पोर्टचं, हेही एका वाक्यात टाका.

यापेक्षा वाईट म्हणजे रिकामं उत्तर. एसएनएमपी सहसा यूडीपीवर, म्हणजे पोहोचपावती नसलेल्या प्रोटोकॉलवर, पोर्ट नंबर १६१ वर (हा नुसता नंबर, वरचा केबलचा पोर्ट नव्हे) चालतं, उत्तर आलं नाही तर नाही, कारण कोण सांगणार? पावसाळ्यात डोंगरावरच्या टॉवरची बॅटरी संपली, मधली लिंक पडली, नाहीतर कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्डच म्हणा) चुकली, चारी बाजूंनी सारखीच शांतता. आणि टूल काय देतं, तर रिकामी यादी. मॉडेल वाचतं ‘काही तक्रार नाही’. म्हणून टाइमआउट आणि ‘खरंच काही नाही’ ही दोन वेगळी उत्तरं द्या, आणि डिस्क्रिप्शन असं लिहा:

‘एका राउटरच्या सगळ्या पोर्टचं ॲडमिन आणि ऑपर स्टेटस आत्ता वाचतं. जुना इतिहास हवा असेल तर सिसलॉगचं (राउटरच्या नोंदींचं) टूल घ्या. टाइमआउट आला म्हणजे राउटर बंद असं समजू नका, आधी वाटेतल्या त्याच्या अलीकडच्या राउटरला पिंग करून बघा.’

पोर्टमधून किती डेटा गेला ते मोजणाऱ्या काउंटरचंही तसंच. ऑक्टेटचा (म्हणजे बाइटचा) आकडा म्हणजे स्पीड नव्हे, वाढत जाणारी बेरीज आहे, दोन रीडिंगमधला फरक वेळेने भागायचा, बिट हवे तर ८ ने गुणायचं. ३२ बिटचा काउंटर भरलेल्या १ जीबीपीएस लिंकवर साधारण ३४ सेकंदांत परत शून्यावर येतो, त्यामुळे ६४ बिटवालाच घ्या आणि एकक लिहाच.

बाकी ‘शक्तिशाली’, ‘सर्वसमावेशक’ असली विशेषणं डिस्क्रिप्शनमध्ये बघितली की माझं डोकं फिरतं, मॉडेलला जाहिरात करायचीये का? आणि ‘गेट_डेटा’ नावाच्या एकाच टूलमध्ये ॲक्शन पॅरामीटर देऊन वाचणं आणि रीबूट दोन्ही कोंबू नका, दोन टूल करा. एमसीपीमध्ये (मॉडेलला टूल जोडायचा प्रोटोकॉल) ‘रीड ओन्ली हिंट’, म्हणजे ‘हे टूल फक्त वाचतं’ अशी खूण, लावता येते, लावा, पण ती नुसती सूचना आहे, कुलूप नाही, ते राउटरवर फक्त वाचायची परवानगी असलेला युजर करूनच घालायचं.