चीनचा धूर कोणाच्या खात्यावर?

‘चीन प्रदूषण करतो ते जगासाठी. मोबाइल, खेळणी, कपडे आपण घ्यायचे आणि धूर त्यांच्या नावावर!’ हे वाक्य बरीच वर्षं फिरतंय. त्यात तथ्य होतं, पण ते आता शिळं झालंय. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला, निर्यात भडकली आणि २००६ च्या सुमारास कार्बन डायऑक्साइड सोडण्यात त्याने अमेरिकेला मागे टाकलं. तेव्हा चीनने बाहेरून आणलेल्या मालामागचा धूर वजा केला तरी चीनच्या धुरातला जवळपास पाचवा हिस्सा परदेशी गिऱ्हाइकांचा होता. अलीकडे तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास आलाय. बाकी सगळा घरचाच.

घरचा म्हणजे मुख्यतः बांधकामाचा आणि विजेचा. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत चीनने सुमारे ६.६ अब्ज टन सिमेंट वापरलं; अमेरिकेने अख्ख्या विसाव्या शतकात साधारण ४.५ अब्ज. खेळण्यांना काही सिमेंट लागत नाही! जगातला निम्म्याहून जास्त कोळसाही तिथेच जळतो.

या भुकेची झळ गोव्यालाही लागली. इतरांना फारसं नको असलेलं हलक्या प्रतीचं लोहखनिज चिनी पोलाद कारखाने उचलू लागले आणि डिचोली-सांगेच्या रस्त्यांवर ट्रकांची रीघ लागली. लाल धूळ, गाळाने भरलेली शेतं, मग २०१२ ची खाणबंदी. ते खनिज मोबाइलसाठी गेलं नव्हतं. त्याच्या सळया चिनी इमारतींत आहेत.

दरडोई हिशेबात मात्र अमेरिकन माणूस आजही चिनी माणसाच्या पुढेच आहे.